मोबाईलच्या एका टॉवरवर नक्की किती माणसं मावतात?

ताळेबंद · शनिवार, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. बाणेरला आमची सोसायटी आहे, पाच इमारती, चारशेच्या आसपास फ्लॅट. एक मोबाईल कंपनी गच्चीवर अँटेना लावायला जागा मागतेय. त्यावर विशेष सभा झाली आणि नेहमीप्रमाणे निर्णय सोडून बाकी सगळं झालं.

एक गट म्हणतो टॉवर हवाच, रात्री नऊनंतर व्हिडिओ नुसता गोल फिरत बसतो. दुसरा गट म्हणतो काड्या तर फुल दिसतात, मग टॉवर कशाला? कंपनीचा माणूस आला होता. तो म्हणाला, "एका सेक्टरवर, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या अँटेनावर, बाराशे यूजर आरामात चालतात, तुमच्या भागात आता त्याहून जास्त झालेत." त्यावर सी विंगच्या काकांनी जाहीर केलं की त्यांचा पुतण्या टेलिकॉममध्ये आहे आणि त्याच्या मते आकडा दोनशे. बाराशे कुठे, दोनशे कुठे! मी सीए आहे. एवढी तफावत घेऊन कोणी माझ्याकडे आलं तर मी सही करणार नाही.

मला भौतिकशास्त्र कळत नाही, गुणाकार-भागाकार कळतो. हा आकडा काढतात कसा, कोणी नीट सांगेल का? रेडिएशनवर चर्चा नको, ती सभेत पोटभर झाली.

पेठेतला · शनिवार, रात्री १०:२२

दोनशेही चूक, बाराशेही चूक. खरा आकडा शून्य. पुरावा हवा असेल तर अनंत चतुर्दशीला संध्याकाळी अलका टॉकीजच्या चौकात या आणि घरी फोन लावून दाखवा. काड्या मात्र सगळ्याच्या सगळ्या.

जुना_आरएफवाला · शनिवार, रात्री ११:१५

पेठेतला, तुमचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण तो नंतर घेऊ.

ताळेबंद, दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. "यूजर" म्हणजे कोण, आणि किती जणांना "लाईन व्यस्त आहे" ऐकवायची तुमची तयारी आहे, हे ठरल्याशिवाय क्षमतेचा आकडा निघतच नाही. मी पुण्यात जीएसएमच्या, म्हणजे टूजीच्या, दिवसांत रेडिओ प्लॅनिंग केलंय, त्यामुळे आवाजापासून सुरू करतो. तिथला हिशोब सगळ्यात स्वच्छ आहे.

आग्नेर एर्लांग नावाचा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. एक्स्चेंजमध्ये किती लाईनी टाकल्या म्हणजे पुरेल, हा त्याचा प्रश्न. १९१७ साली त्याने जे सूत्र छापलं ते आम्ही मोबाईललाही जसंच्या तसं लावलं. एक लाईन तासभर सतत व्यापलेली राहिली तर तो एक एर्लांग. तुम्ही गर्दीच्या तासात दीड मिनिट बोललात तर ९० भागिले ३६००, म्हणजे ०.०२५ एर्लांग. आमच्या भाषेत "पंचवीस मिली". प्लॅनिंगमध्ये दर ग्राहकी हाच आकडा धरायची पद्धत होती.

आता टॉवर. जीएसएमचा एक कॅरियर, म्हणजे फ्रिक्वेन्सीची एक पट्टी, २०० किलोहर्ट्झचा. त्यात पाळीपाळीने वापरायचे आठ टाइमस्लॉट. एका सेक्टरला दोन कॅरियर दिले की सोळा स्लॉट. त्यातला एक टॉवरच्या घोषणांना जातो, एक कॉल जोडण्याच्या बोलाचालीला. बोलायला उरले चौदा.

साधा माणूस म्हणेल, चौदा स्लॉट म्हणजे चौदा एर्लांग. तसं होत नाही. शंभरातले दोन कॉल नाकारले गेले तरी चालतील असं धरलं, तर चौदा स्लॉटवर ८.२ एर्लांगच पेलतात. ८.२ भागिले ०.०२५ केलं की ३२८ ग्राहक. तीन सेक्टरच्या साइटला हजाराला थोडे कमी. आणि हे २ टक्के म्हणजे आमच्या मनचा आकडा नव्हे. टेलिकॉम नियामक ट्रायच्या २००९ च्या सेवा-गुणवत्ता नियमांतही बोलण्याच्या चॅनेलची कोंडी २ टक्क्यांच्या आतच हवी होती.

ताळेबंद · शनिवार, रात्री ११:३१

चौदा आहेत तर आठच का? सहा वाया घालवायचे?

जुना_आरएफवाला · शनिवार, रात्री ११:५२

सोसायटीत पाहुण्यांसाठी चौदा गाड्यांचं पार्किंग आहे असं धरा. पाहुणे एकमेकांना विचारून येत नाहीत. सरासरी आठ गाड्या उभ्या असतात, तरी मधूनच लग्नाची पत्रिका द्यायला चार घरचे एकदम येतात आणि दर पन्नासातल्या एका पाहुण्याला जागा न मिळता परत फिरावं लागतं. ते सहा रिकामे खण वाया गेलेले नाहीत, ते या अशा क्षणांसाठी आहेत.

आता खरी गंमत. ए विंगचे चौदा आणि बी विंगचे चौदा असे वेगळे खण ठेवलेत, तर दोन्ही मिळून १६.४ पेलतात. मधली साखळी काढून अठ्ठावीस एकत्र केलेत तर तेच २ टक्के राखून २०.२ पेलतात. एकही नवा खण न बांधता जवळजवळ चौथा हिस्सा जास्त. आम्ही याला ट्रंकिंग गेन म्हणायचो. चार कॅरियरच्या सेक्टरमध्ये ३२ पैकी २९ स्लॉट बोलायला मिळाले तर २१ एर्लांग निघतात, म्हणजे ८४० ग्राहक. कॅरियर दुप्पट, ग्राहक अडीचपट.

पेठेतला · रविवार, सकाळी ८:१०

मग सगळ्यांनाच चार कॅरियर का देत नव्हता राव? हवा तर फुकट असते.

जुना_आरएफवाला · रविवार, सकाळी ९:०५

हवाच, म्हणजे फ्रिक्वेन्सी, तर सगळ्यात महाग. ६.२ मेगाहर्ट्झ ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ३१ कॅरियर. शेजारच्या सेक्टरला तोच कॅरियर दिला तर दोन्हीकडचे कॉल एकमेकांवर चढतात. म्हणून चार साइटचा पुंजका, प्रत्येकी तीन सेक्टर, असे बारा गट पाडायचे आणि पुंजका संपला की पुन्हा तेच कॅरियर वापरायचे. ३१ भागिले १२ म्हणजे कुणाला दोन, कुणाला तीन. चार हवे असतील तर पुंजका लहान करा, फ्रिक्वेन्सी हॉपिंग लावा (कॉल सतत या कॅरियरवरून त्या कॅरियरवर उडवत ठेवा), अँटेना खाली झुकवा आणि तक्रारी ऐका. दुसरा मार्ग हाफ रेटचा. एका स्लॉटमध्ये दोन कॉल कोंबले की क्षमता वाढते, आवाज बिघडतो.

सोळा रुपये मिनिटाच्या दिवसांत लोक मोबाईलवर "पोचलो" एवढंच बोलून ठेवायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि माणशी एर्लांगचे जुने अंदाज गुंडाळून ठेवावे लागले. टॉवर तेच, स्लॉट तेच, माणसं बोलायला लागली. क्षमता मोजताना लोक रेडिओकडेच बघत बसतात. अर्धा आकडा दरपत्रक ठरवतं.

सॉफ्ट_हँडओव्हर · रविवार, सकाळी १०:४०

आरएफवाले साहेब, हे खण मोजणं जीएसएमचं झालं. आम्ही सीडीएमएवाले, म्हणजे त्या काळच्या दुसऱ्या तंत्राचे, खण मोजतच नव्हतो. तिथे सगळे एकाच वेळी, एकाच १.२५ मेगाहर्ट्झमध्ये बोलायचे, प्रत्येकाचा कोड वेगळा. क्षमता किती, तर एकमेकांचा गोंगाट किती सहन होतो तेवढी.

कागदावरचा हिशोब असा. कोडचा वेग, म्हणजे चिप रेट, सेकंदाला १२.२८८ लाख, आवाजाचा वेग सेकंदाला ९६०० बिट, भागाकार १२८. कॉल नीट ऐकू यायला सिग्नल गोंगाटाच्या साधारण पाचपट हवा, म्हणजे २५ च्या आसपास उरले. माणूस कॉलमधला ४० टक्केच वेळ बोलतो, बाकी ऐकतो किंवा गप्प असतो, म्हणून ते ६४ झाले. शेजारच्या सेलमधून, म्हणजे शेजारच्या टॉवरच्या टापूतून, गोंगाट आत येतो, तो ०.६ धरा, १.६ ने भागा, राहिले ४०. पण हे ४० म्हणजे कड्याचं टोक. तिथे पोचलात की प्रत्येक फोनला अनंत पॉवर लागेल. निम्म्या भारावर गोंगाट ३ डीबीने वाढतो, म्हणजे दुप्पट होतो, पाऊण भारावर ६ डीबीने, म्हणजे चौपट. म्हणून वीस-पंचवीसच्या पुढे कोणी शहाणा जात नसे.

यातून एक प्रकार व्हायचा. गर्दी वाढली की सेल आक्रसायचा. दुपारी ज्या घरात छान रेंज, त्याच घरात संध्याकाळी काडी नाही. लोक म्हणायचे टॉवर बंद पडला. टॉवर भरलेला असायचा.

जुना_आरएफवाला · रविवार, सकाळी ११:०२

मान्य. तुमचा सेल श्वास घ्यायचा, आमचा दार लावून घ्यायचा. मला अजूनही दार लावणं बरं वाटतं. निदान ग्राहकाला कळतं की जागा नाही.

सॉफ्ट_हँडओव्हर · रविवार, सकाळी ११:०९

आणि चालू कॉल तुटला की ग्राहकाला काहीच कळत नाही, हेही लिहा. हँडओव्हरसाठी, म्हणजे चालता कॉल पुढच्या सेलकडे सोपवायला, तिथे खण नसला की जीएसएमचा कॉल गेलाच.

बाणेरच्या_आजी · रविवार, दुपारी १२:३०

हे सगळं ठीक आहे, पण आमच्या गच्चीवर हे धूड आल्यावर खालच्या पोराबाळांचं काय? त्याचा हिशोब कोणी मांडेल का?

प्रशासक · रविवार, दुपारी १२:४८

आजी, त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो ३०० प्रतिसाद ओलांडून गेला आहे. इथे क्षमतेपुरतं बोलूया.

जुना_आरएफवाला · रविवार, दुपारी १:१५

प्रशासकांची माफी मागून दोन ओळी, कारण क्षमतेशी संबंध आहे. आजी, भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली आहे. तुमच्या भागातल्या टॉवरची माहिती सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर नकाशात दिसते. आणि पॉवरला चाप बसला की दूरवर पोचायला एक मोठा टॉवर चालत नाही, जवळजवळ जास्त टॉवर लागतात. गच्च्या मागत फिरण्यामागे गर्दी आहेच, पण हेही एक कारण आहे.

ताळेबंद · रविवार, दुपारी ४:२०

एर्लांग समजला, अगदी मजा आली. पण आरएफवाले काका, आमच्याकडे रात्री नऊला कोण बोलतंय? पोरं रील बघतात, मी मॅच बघतो. त्याचा एर्लांग कसा काढायचा?

तिसरा_सेक्टर · रविवार, संध्याकाळी ६:४५

इथे मी येते. हिंजवडीत फोरजी-फाइव्हजी ऑप्टिमायझेशनचं काम करते. काकांचं गणित मला कॉलेजात परीक्षेला होतं, कामावर आल्यापासून क्वचित लागलं. आवाज आता डेटातूनच जातो, दर २० मिलिसेकंदाला एक छोटं पाकीट. आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेने २००८ साली फोरजीसाठी ठेवलेली अटच शहरी सेक्टरला दर मेगाहर्ट्झमागे ४० कॉल अशी होती. दहा मेगाहर्ट्झवर चारशे कॉल. आवाजाने टॉवर भरायचे दिवस गेले.

डेटात "जागा नाही" असं कोणी सांगत नाही. सगळ्यांना आत घेतात आणि सगळ्यांचं हळू होतं. त्यामुळे किती माणसं मावतात हा प्रश्नच बदलतो. किती माणसांना किती वेगाने, एवढंच विचारता येतं.

२० मेगाहर्ट्झचा फोरजी कॅरियर घ्या. त्यात दर मिलिसेकंदाला वाटायला १०० ब्लॉक असतात, प्रत्येक १८० किलोहर्ट्झचा. जाहिरातीतला १५० एमबीपीएस हा आकडा येतो कुठून? सगळे ब्लॉक एकाच फोनला, तो फोन अँटेनासमोर, दोन थरांत (एकाच वेळी दोन प्रवाहांत) डेटा, शेजारचे टॉवर गप्प. असं पहाटे चारला होत असेल. एरवी फोन दर काही मिलिसेकंदांनी टॉवरला कळवतो की मला किती नीट ऐकू येतंय. त्याच्या पंधरा पायऱ्या आहेत. सगळ्यात खालच्या पायरीवर एका रेडिओ चिन्हात सरासरी ०.१५ बिट जातो, वरच्यावर ५.५५. छत्तीस पटींचा फरक. टॉवर तोच, ब्लॉक तेवढेच, पैसे तेवढेच.

आणि इथे लोकांचा अंदाज साफ चुकतो. समजा सेक्टरवर दोनच माणसं आहेत. एकाला एकट्याला टॉवर दिला तर १०० एमबीपीएस मिळतात, तो बाल्कनीत बसलाय. दुसऱ्याला एकट्याला दिला तरी ३ च मिळतात, तो तळघरातल्या पार्किंगमध्ये आहे. दोघांनी शंभर-शंभर एमबीची एकच फिल्म मागवली. सेक्टरचा सरासरी वेग किती? सगळे सांगतात, पन्नासच्या आसपास. करा हिशोब. पहिल्याचं काम ८ सेकंदांत, दुसऱ्याचं २६७ सेकंदांत. १६०० मेगाबिट जायला २७५ सेकंद, म्हणजे ५.८ एमबीपीएस. अख्ख्या सेक्टरचा वेग तळघरातल्या माणसाने ठरवला.

म्हणून बाणेर-बालेवाडीच्या नव्या काचेच्या इमारती आमच्या डोक्याला ताप आहेत. ऊन अडवायला काचेवर जो धातूचा पातळ थर असतो तो सिग्नलही अडवतो, वीस डीबी तर सहज. वीस डीबी म्हणजे शंभरावा हिस्सा. आतले पाचशे लोक खालच्या पायऱ्यांवर गेले की बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचंही इंटरनेट मंदावतं. त्याच्या फोनवर काड्या फुल असतात आणि तो कंपनीला शिव्या घालतो. शेड्युलर, म्हणजे ब्लॉक वाटणारी टॉवरची यंत्रणा, थोडी चलाखी करतो, ज्याची स्थिती या क्षणी बरी आहे त्याला आधी देतो, पण तळघरातल्याला उपाशी ठेवता येत नाही.

हे सगळं धरून शहरात फोरजीचा सरासरी हिशोब दर हर्ट्झमागे सेकंदाला दीड ते दोन बिटचा बसतो. २० मेगाहर्ट्झचे ३० ते ४० एमबीपीएस. दीडशे विसरा.

ताळेबंद · रविवार, संध्याकाळी ७:१०

१५० चे ३५. म्हणजे घसारा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर, तोही पहिल्याच दिवशी. पुढे?

तिसरा_सेक्टर · रविवार, रात्री ८:३०

पुढचं तुमच्या विषयातलं. माणशी महिन्याला २० जीबी धरू. दिवसाला सुमारे ०.६७ जीबी. दिवसभरातला ८ टक्के वापर गर्दीच्या एका तासात होतो असं धरू, म्हणजे ५३ एमबी. बाइटचे बिट करा, ३६०० ने भागा, माणशी ०.१२ एमबीपीएस येतात. सेक्टर ३५ देतो, पण आम्ही तो ७० टक्क्यांच्या वर भरू देत नाही, त्यापुढे व्हिडिओ अडखळतो. साडेचोवीस भागिले ०.१२.

दोनशे. पुतण्या बरोबर आहे. त्याने एक कॅरियर धरला.

कंपनीचा माणूस बहुधा फ्रिक्वेन्सीचे सगळे पट्टे एकत्र करून बोलला. खालचा पट्टा, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ, वर फाइव्हजी. २०२२ च्या लिलावात ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०० मेगाहर्ट्झचे तुकडे गेले, त्यावर अनेक अँटेनांचं पॅनेल लावलं की तेवढ्याच हवेत एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळ्या लोकांना देता येतं. हे सगळं धरलं तर बाराशे हा फुगवलेला आकडा नाही. पण ज्यांच्याकडे फाइव्हजीचा फोन आहे आणि ज्यांच्या घरात ३३०० पोचतो, त्यांच्यापुरतंच ते खरं. पट्टा जितका वरचा, भिंतीतून आत जायला तितका कच्चा.

किंवा त्याचे बाराशे म्हणजे टॉवरशी जोडलेले फोन असतील, खिशात पडलेले धरून. ते विचारून घ्या. आणि ७० टक्के, ८ टक्के, २० जीबी यातला एक जरी आकडा हलवलात तरी उत्तर हलतं. तुमच्या इमारतीत कोणी फायबरऐवजी वायरलेस ब्रॉडबँडचा डबा घेतलाय का? तसा एक डबा, त्यावर संध्याकाळभर चालणारा टीव्ही, म्हणजे मोबाईलच्या हिशोबात एक माणूस नाही, अख्खा मजला.

ताळेबंद · रविवार, रात्री ८:४१

घेतलेत, एकट्या ए विंगमध्ये सहा-सात असतील. आता तर सभेत नावंच घेतो.

सॉफ्ट_हँडओव्हर · रविवार, रात्री ९:००

गर्दीच्या तासाबद्दल एक. हिंजवडीचा टॉवर दुपारी भरतो, तुमचा रात्री. शनिवारी हिंजवडी ओस. म्हणजे संध्याकाळी सातला क्षमता आयटी पार्कात पडून आहे आणि माणसं बाणेर-वाकडला पोचली आहेत, निम्मी अजून वाकडच्या पुलाखाली. टॉवर उचलून आणता येत नाही. प्रोसेसिंगची यंत्रं एका जागी ठेवून अनेक साइटना वाटता येतात, पण हवा प्रत्येक ठिकाणी ज्याची त्याचीच.

जुना_आरएफवाला · रविवार, रात्री ९:२५

ताळेबंद, आणखी एक गोष्ट सभेत कोणी सांगणार नाही. तुमच्या गच्चीवरच्या अँटेनाचा सगळ्यात कमी थेट फायदा तुमच्या इमारतीला होईल. अँटेना समोर फेकते, उभ्या दिशेत तिचा झोत सहा-सात अंशांचाच. तीस मीटर उंचीवरून सहा अंश खाली झुकवली तर झोताचा मध्य जमिनीला लागतो पावणेतीनशे-तीनशे मीटरवर. बरोबर खालच्या फ्लॅटला कडेची गळती मिळते. फायदा होतो तो वळसा घालून. समोरचे लोक नव्या सेक्टरवर गेले की जुना सेक्टर तुमच्यासाठी मोकळा.

पेठेतला · रविवार, रात्री ९:३३

म्हणजे भाडं तुम्हाला, रेंज समोरच्यांना. समोरच्या सोसायटीशी बोलून एकमेकांच्या गच्च्या अदलाबदल करा.

ते जाऊ दे. अलका चौकाचं राहिलं.

तिसरा_सेक्टर · रविवार, रात्री १०:१०

विसरले नाही. तिथे तीन गोष्टी एकदम होतात, आणि काड्यांमध्ये एकही दिसत नाही. काड्या टॉवरचा आवाज फोनला किती जोरात येतो एवढंच सांगतात. फोनचा आवाज टॉवरला जातो का, हे त्या सांगत नाहीत. टॉवर कित्येक वॉट फेकतो, फोन जास्तीत जास्त ०.२ वॉट. चौकात हजारो फोन, प्रत्येक जण मानाच्या गणपतीचा व्हिडिओ चढवतोय, लाइव्ह करतोय. एरवी लोक उतरवतात जास्त, चढवतात कमी. त्या दिवशी गणित उलटं होतं आणि वर जाणारी बाजू आधी गुदमरते.

त्याआधीच दारात चेंगराचेंगरी झालेली असते. फोनला टॉवरशी बोलायला सुरुवात करायची तर तो ६४ संकेतांपैकी एक आपल्या मनाने निवडून पाठवतो. काही राखीव, समजा ५४ मोकळे. एकाच संधीला दहा फोन आले तर तुमचा संकेत दुसऱ्या कोणी उचललेला असण्याची शक्यता १५ टक्के. पन्नास आले तर ६० टक्के. टक्कर झालेले सगळे पुन्हा येतात, नव्यांसोबत. माणूस चिडून पुन्हा डायल करतो, व्हॉट्सअॅप आपण होऊन पुन्हा प्रयत्न करतं. आत ब्लॉक रिकामे असले तरी दार अडलेलं.

म्हणून सिमवर जन्मतःच एक वर्ग असतो, ० ते ९ पैकी. टॉवर हवं तर काही वर्गांना थोडा वेळ थांबवू शकतो. ११ ते १५ हे विशेष वर्ग, त्यात सुरक्षा आणि आपत्कालीन सेवा येतात. मिरवणुकीला आणि पालखी नाना-भवानी पेठेत मुक्कामाला असते तेव्हा चाकांवरचे टॉवर आणले तरी तेच २० मेगाहर्ट्झ पुन्हा जवळजवळ वापरायचे असतात. पेठांच्या गल्ल्या अरुंद म्हणून एक फायदा, वाडे सिग्नल अडवतात, त्यामुळे छोटे सेल पन्नास-शंभर मीटरवर लावले तरी एकमेकांना कमी त्रास देतात. लक्ष्मी रोडवर सरळ रेषेत मात्र लांबचा टॉवरही ऐकू येतो.

पेठेतला · रविवार, रात्री १०:२४

वाडे कामाला आले म्हणायचे. बिल्डरला कळवतो.

ताळेबंद · सोमवार, रात्री ११:४०

एर्लांगचं सूत्र एक्सेलमध्ये बसवता येईल का? फॅक्टोरिअल घातले की मोठ्या संख्येला एरर येतोय.

जुना_आरएफवाला · मंगळवार, सकाळी ७:३०

फॅक्टोरिअल नकोच. शून्य चॅनेलला (स्लॉटला) ब्लॉकिंग, म्हणजे नाकारल्या जाणाऱ्या कॉलचा वाटा, १ धरा. पुढच्या प्रत्येक ओळीत, एर्लांग गुणिले वरच्या ओळीतलं ब्लॉकिंग, हा गुणाकार वर. खाली चॅनेलचा क्रमांक अधिक तोच गुणाकार. ओढत खाली न्या.

ताळेबंद · मंगळवार, रात्री ९:५५

बसलं. चौदा चॅनेल, ८.२ एर्लांग, बरोबर २ टक्के. शंभर चॅनेल घातले तर ८८ एर्लांगला २ टक्के. मोठं पार्किंग चांगलं, पटलं. मग दोन्हीकडे २० टक्के भार वाढवून पाहिला. चौदावाल्याचं ब्लॉकिंग पाच टक्क्यांच्या थोडं वर गेलं. शंभरवाल्याचं अकराच्या आसपास! हे उलटं कसं? माझ्या शीटमध्ये चूक आहे का?

जुना_आरएफवाला · मंगळवार, रात्री १०:२०

शीट बरोबर आहे. चौदात सरासरी आठ भरलेले होते, सहा मोकळे. शंभरात शहाऐंशी भरलेले, चौदाच मोकळे. मोठा गट काटकसरीने चालतो म्हणजेच त्याच्याकडे उसंत कमी उरते. रोजच्या गर्दीला तो सरस, अचानक वाढलेल्या गर्दीला तो आधी कोसळतो. आम्ही मोठ्या गटांना २ टक्क्यांवर बेतल्यावर २० टक्के जास्त भार घालून पुन्हा तपासायचो. तिथे ५ टक्क्यांच्या वर जात असेल तर चॅनेल वाढवून मागायचे, वरिष्ठ कितीही म्हणाले की तक्त्यात तर पुरतंय.

तिसरा_सेक्टर · मंगळवार, रात्री १०:४१

डेटालाही हेच, म्हणून ते ७० टक्के. ताळेबंद, कंपनीच्या माणसाला बाराशेचा पुरावा मागत बसू नका. तुमच्यावर आत्ता येणाऱ्या सेक्टरचा रात्री नऊ ते दहाचा ब्लॉकचा वापर किती टक्के, नव्या साइटवर कुठले पट्टे आणि किती मेगाहर्ट्झ, आणि साइटला फायबर येणार की मायक्रोवेव्हची बिनतारी जोडणी, एवढं लेखी मागा. हवेत बाराशे मावले आणि मागची तार अरुंद निघाली तर काही उपयोग नाही.

ताळेबंद · मंगळवार, रात्री १०:५८

आत्ताच मेल टाकला. गच्चीवर फायबर ओढायला डक्टमधून जागा द्यावी लागेल का, हेही विचारलंय, कारण आमचा डक्ट केबलवाल्यांनी आधीच भरलाय.